अंगावर काढलेले दुखणे

'दुखणे अंगावर काढणे' हा मराठीतला रोजच्या बोलण्यातला प्रयोग. ताप, पोटातली कळ, पायाची सूज दवाखान्यात न नेता सोसून संपवणे हा त्याचा कोशातला अर्थ. वापरात त्याला दोन रंग येतात. 'मोठी सोशिक बाई, सगळे अंगावर काढले' हे कौतुक झाले, आणि 'अंगावर काढले म्हणून एवढे वाढले' हा ठपका. कौतुक असो वा ठपका, एक गोष्ट दोन्हीकडे धरून चाललेली असते, ती म्हणजे सोसणाऱ्याने सोसायचे हे आपल्या मनाने ठरवले. गरिबाच्या बाबतीत हे गृहीतकच तपासावे लागते. पैसा, अंतर किंवा बंद पडलेली एसटी यांमुळे जो उपचार झाला नाही, तो कोणाच्या खात्यावर मांडायचा? रोग्याच्या नशिबाच्या, त्याच्या निवडीच्या, की आणखी कोणाच्या? प्रश्न अर्थकारणाचा वाटतो, पण त्याचे उत्तर लोक धर्माच्या भाषेत देतात. 'भोग होता', 'तेवढेच आयुष्य होते', 'देवाची मर्जी'.

वाशीम जिल्ह्यात हा प्रश्न उघड्यावर दिसतो. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १२ लाख, आणि पाचांतले चार जण खेड्यात. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातले जे चार जिल्हे तिच्यात आले त्यांत वाशीम होता. शेती बहुतांशी पावसावरची. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास हाती येतो, तुरीचा आणि हरभऱ्याचा त्यानंतर. आषाढ-श्रावणात, पेरणीला सगळे घालून झाल्यावर, घरात पैसा नसतो. तापाचे, जुलाबाचे आणि सर्पदंशाचे दिवस नेमके हेच.

अशा वेळी मानोरा तालुक्यातल्या एखाद्या बंजारा तांड्यावरून रोगी हलवायचा ठरला, की आधी हिशेब होतो तो रोग्याचा नव्हे, सोबतच्या माणसाचा. कोण जाईल? त्याची मजुरी किती दिवस पडेल? म्हशीचे कोण काढेल, शाळेतली पोर कोणाकडे राहील? 'पुढे न्या' असे वाशीमच्या दवाखान्यात सांगितले तर अकोला. तिथूनही पुढे म्हटले तर नागपूर. दवाखान्यात रोग्याला खाट मिळते, सोबतचा व्हरांड्यात चादर अंथरतो. दोन वेळचे जेवण, चहा, घरी फोन, बाहेरून आणायला सांगितलेली एखादी गोळी. सरकारी दवाखान्यात रोगी फुकट बरा होतो हे खरे, पण सोबतच्या माणसाचे बिल कोणतीच योजना भरत नाही. ते उसनवारीने भरले जाते, नाहीतर महिना शेकड्याच्या व्याजाने, नाहीतर मणी-डोरले गहाण ठेवून. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. मात्र बुडलेली मजुरी हा आरोग्यावरचा खर्च नव्हे, म्हणून ती या लेख्यांत मांडली जात नाही.

'भोग' या शब्दामागे कर्मविपाकाचा विचार आहे, आणि त्याचा मराठीतला एक ठळक पाठ वाशीम जिल्ह्याशी जोडलेला आहे. कारंजा लाड हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. त्यांचे चरित्र सांगणारा सरस्वती गंगाधरांचा 'गुरुचरित्र' हा ग्रंथ घरोघर सप्ताहात वाचला जातो. त्याच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात कोणत्या पापाने पुढल्या जन्मी कोणती योनी, कोणती व्याधी वाट्याला येते याचे तपशीलवार वर्णन आहे. ज्याला क्षय किंवा कुष्ठरोग झाला त्याच्या दुखण्याला त्यातून एक कारण मिळते. कारण मिळणे हाही दिलासा असतो, हे विसरता कामा नये. 'मलाच का' या प्रश्नाला वैद्यकशास्त्र उत्तर देत नाही. अडचण होते ती त्या कारणाने पुढचा प्रश्न बंद केला म्हणजे.

कर्मसिद्धान्त स्वतः तो प्रश्न बंद करत नाही. शास्त्राने कर्माचे तीन भाग केले: साठलेले ते संचित, त्यातले फळ द्यायला लागलेले ते प्रारब्ध, आणि आज हातून घडते आहे ते क्रियमाण. रोग हे एखाद्याचे प्रारब्ध मानले, तरी त्याच्या उशाशी बसलेल्याचे, दारातून परतवणाऱ्याचे, रस्ता न करणाऱ्याचे वागणे त्या रोग्याच्या प्रारब्धात मोडत नाही. ते त्या-त्या माणसाचे क्रियमाण आहे आणि त्याचे फळ त्याच्या नावावर जमा होते. प्रारब्ध हा शब्द ज्याने त्याने स्वतःपुरता वापरावा असा आहे. 'माझा भोग' असे म्हणणारा रोगी धीर एकवटत असतो. 'त्याचा भोग' असे म्हणणारा शेजारी बहुधा आपली सुटका करून घेत असतो. व्याकरणाचा हा लहानसा फरक नीतीच्या दृष्टीने फार मोठा आहे, आणि प्रवचनांतून तो क्वचितच सांगितला जातो.

'गुरुचरित्रा'तच दुसऱ्या बाजूचा पुरावा आहे. तेराव्या अध्यायात पोटशूळाने त्रासलेला एक ब्राह्मण गोदावरीत जीव द्यायला निघतो. अन्न पोटात गेले की कळ उठते, म्हणून तो जगण्याला विटलेला. कर्मविपाकाची यादी ज्या गुरूच्या तोंडी पुढे येणार आहे, तोच गुरू इथे त्याला भोग भोगायला सांगत नाही. त्याला थांबवतो, औषध देतो म्हणतो आणि सायंदेव नावाच्या गृहस्थाच्या घरी पोटभर जेवायला घालतो. कथेत चमत्कार आहे. पण चमत्काराला शिजवलेले अन्न लागले, आणि ते रांधणारे घरही लागले.

वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांना रोग्याची ऐपत हा प्रश्न चांगलाच ठाऊक होता. चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. चरकसंहितेत चांगल्या रोग्याचे गुण म्हणजे स्मरण, सांगितल्याप्रमाणे वागणे, न घाबरणे आणि आपला त्रास नीट सांगता येणे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त ही यादी बदलते आणि पहिला शब्द येतो 'आढ्य', म्हणजे पैसेवाला. उपचार यशस्वी व्हायचा तर रोगी श्रीमंत असावा. वाचताना हे कठोर वाटते, पण वाग्भटाने कोणताही आव न आणता वस्तुस्थिती नोंदवली. वैद्य उत्तम, औषध उत्तम, तरी रोग्याच्या गाठीला काही नसेल तर चौथा पाय लंगडा, हे त्याला दिसत होते.

चरकसंहितेचे म्हणणे निराळ्या वळणाचे आहे. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात वमन-विरेचनासाठी राजाने किंवा धनिकाने काय सिद्धता करावी याचा लांबलचक थाट आहे: वारा न लागणारे घर, स्वयंपाकी, अंग चेपणारे, गाणारे, गोष्टी सांगणारे, दुभती गाय. हा थाट संपतो आणि सूर बदलतो. सगळ्या माणसांपाशी सगळी साधने नसतात, आणि भयंकर रोग दरिद्री माणसाला सोडतात असेही नाही; तेव्हा जे जमेल त्या औषधाने, जमेल त्या वस्त्र-अंथरुणानिशी त्याचे उपचार करावेत, असा आशय पुढे येतो. याच ग्रंथात आणखी एके ठिकाणी, साधनांवाचून दीर्घ आयुष्य यासारखे दुसरे पाप नाही असे म्हटले आहे, आणि शेती, पशुपालन, व्यापार अशी उपजीविकेची साधने मोजून दिली आहेत. पोट भरण्याचा विचार आरोग्यविचारापासून तोडलेला नाही.

चरकसंहितेच्याच विमानस्थानातला जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे मुलूखभर पसरणाऱ्या साथीचा, अध्याय तर या विषयाचा गाभाच म्हणावा असा. प्रसंग गंगाकाठच्या कांपिल्य नगराजवळचा. साथ येणार अशी चिन्हे दिसताच गुरू आत्रेय शिष्यांना सांगतात की औषधींचे रस-वीर्य नष्ट होण्याआधी त्या गोळा करून ठेवा. आजच्या भाषेत सांगायचे तर पावसाळ्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस भरून ठेवण्याचा हा विचार. त्यांचा शिष्य अग्निवेश विचारतो: माणसांची प्रकृती, आहार, वय, बळ वेगवेगळे, मग एकाच वेळी एकाच रोगाने सारा मुलूख कसा मरतो? उत्तर असे की हवा, पाणी, भूमी आणि ऋतू हे सर्वांचे सारखे आहेत; ते बिघडले की सगळेच सापडतात. आणि ते बिघडतात अधर्माने. देशाचे, नगराचे प्रमुख धर्म सोडून वागू लागले की त्यांच्या आश्रयाने जगणारेही तीच वाट धरतात. इथे कर्म आहेच, पण ते रोग्याच्या मागल्या जन्मातून निघून राज्यकर्त्याच्या चालू कारभारात आले आहे. आयुष्य पूर्णपणे ठरलेलेच असते तर औषधे, मंत्र, पथ्य यांना काही अर्थ उरला नसता, असा युक्तिवादही त्याच अध्यायात आहे. ग्रंथांत एवढे असताना लोकव्यवहारात व्यक्तीचा भोग तेवढा टिकला आणि राजाचा अधर्म गळून पडला. राजाचे नाव घेण्यापेक्षा मागल्या जन्माचे नाव घेणे निर्धोक असते, हे त्याचे एक कारण असू शकते.

गरीब माणूस दवाखान्याआधी देवाकडे जातो, ही तक्रार शहरात नेहमी ऐकू येते. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची दंतकथा अशी की एलिचपूरच्या ईल राजाचा कोड तिथल्या पाण्याने गेला. मंगरुळपीरला हयात कलंदरांच्या दर्ग्यावर सगळ्या जातीधर्मांचे लोक दोरा बांधून घेतात. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत सेवालाल महाराजांपुढे बंजारा समाजातल्या लाखोंच्या मागण्या पडतात, त्यांत दुखण्याची मागणी मोठी असते. श्रद्धा त्यात आहेच, पण व्यवहारही आहे. नवसाची अट पाहिली तर ती अशी: आधी गुण, मग देणे. बरा झालास तर नारळ, जमल्यास कंदोरीचे जेवण, या साली नाही जमले तर पुढल्या साली. देव तगादा लावत नाही. खाजगी दवाखान्याची अट नेमकी उलटी असते. आधी अनामत, मग खाट, आणि गुण आला नाही तरी पैसे परत नाहीत. ज्याच्या हाती आषाढात रोकड नाही आणि दिवाळीत थोडी येणार आहे, त्याला या दोन करारांतला पहिलाच परवडतो. त्याला अंधश्रद्ध म्हणण्याआधी एवढा हिशेब तरी मांडायला हवा.

हिशेब मांडला म्हणून धोका कमी होत नाही. नाग चावलेल्या माणसाला नवसाची मुदत मिळत नसते. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला, तो योग्यच आहे. पण कायदा रोखणाऱ्याला पकडतो. रोखणारा कोणी नसताना, केवळ गाडी न मिळाल्यामुळे जो मांत्रिकाकडे गेला, त्याच्यापुढे कायद्याला काही म्हणायचे नाही.

पैशाच्या आणि साधनांच्या या उणिवेवर धर्मांनी काढलेला तोडगा म्हणजे दान. कारंज्याची जैन ग्रंथभांडारे विद्वानांना परिचित आहेत. त्या परंपरेत आहार, ज्ञान आणि अभय यांच्या बरोबरीने औषध हे चौथे दान. इस्लाममध्ये जकात कोणाला द्यावी याचे आठ प्रकार कुराणात सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेला आणि वाटेत अडकलेला प्रवासी हे दोन येतात. नागपूरच्या दवाखान्याबाहेर थांबलेले वाशीमचे कुटुंब बहुतेक वेळा एकाच वेळी दोन्ही असते. बौद्ध विनयात, महावग्गात, एक प्रसंग आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता. त्याच्याकडे का पाहत नाही, असे विचारल्यावर बाकीचे म्हणाले की तो कोणाच्या काही उपयोगी पडत नव्हता. बुद्धाने आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः धुतले, उचलून निजवले, आणि ज्याला आपली सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी असे सांगितले. त्याच ग्रंथात पुढे एक नियम येतो: भिक्खू मरण पावला तर त्याचे पात्र आणि चीवर त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे. सोबतच्या माणसालाही काही खर्च येतो, हे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेने नियमात बसवले होते.

विदर्भापुरते पाहिले तर ही गोष्ट गाडगेबाबांना कळली होती. मूर्तीपेक्षा धर्मशाळेवर त्यांचा भर, आणि त्यांच्या परंपरेतली मुंबईत दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयातल्या कॅन्सरच्या रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. गावाकडून गेलेल्याला तिथे अंथरायला जागा आणि जेवण मिळते. उपचाराच्या यशात त्या जागेचा वाटा किती, हे कोणत्याही केसपेपरवर लिहिलेले नसते.

दानाची मर्यादा दानातच आहे. देणारा असेल तर मिळते, आणि मिळाले तर उपकार म्हणून मिळते. हक्काची भाषा नंतर आली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात निकाल दिला. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परतवले होते. तातडीचा उपचार न देणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची चणचण ही सरकारची सबब होऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. भोगाच्या कल्पनेला कायद्याने दिलेले हे सर्वांत स्पष्ट उत्तर.

महाराष्ट्रात त्या दिशेने बरेच झाले. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत वाशीम असल्याने इथल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यालाही तिचा लाभ मिळू लागला. पुढे सर्वच शिधापत्रिकाधारक आत आले आणि संरक्षणाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांवर गेली. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. योजनेच्या खिडकीशी आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिकेवर 'गयाबाई' आणि आधारवर 'गयाबाइ' निघाले, की पोरगा झेरॉक्सच्या दुकानाकडे पळतो. आणि योजना मुख्यतः दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. रक्तदाबाची रोजची गोळी त्यात बसत नाही. ती चुकली म्हणून झालेला पक्षाघात मात्र बसू शकतो.

हक्क असला तरी दारापर्यंत पोचायला काहीतरी चालू असावे लागते. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. कामगारांची बाजू काही असो, खेड्यातल्या क्षयरोग्याची आणि गरोदर बाईची गाडी तीच होती. समृद्धी महामार्ग कारंजा-मालेगाव पट्ट्यातून जातो. त्यावर दुचाकी आणि ऑटोरिक्षाला मनाई आहे, आणि तांड्यावरचा रोगी बहुधा त्याच दोहोंपैकी एकावर असतो. दिवाळीनंतर मानोरा भागातली कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात. चार-पाच महिने लसीकरणाचे कार्ड एका जिल्ह्यात आणि मूल दुसऱ्या जिल्ह्यात. फडात एक दिवस बुडाला तर खाडा धरून मुकादम पैसे कापतो, म्हणून दुखणे अंगावर निघते. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीतला खाडा टळावा म्हणून कितीजणींनी ते 'आपल्या मनाने' केले, हे विचारताना त्या दोन शब्दांचाच अर्थ लावावा लागतो.

सर्वांत अवघड प्रश्न म्हाताऱ्यांचा. 'आता किती दिवस राह्यले माहे? माह्यावर पैसा नोको घालू, नातीच्या लग्नाले ठेव,' हे वऱ्हाडातल्या घराघरांत ऐकू येणारे वाक्य आहे. घरचे त्याला वैराग्य म्हणतात, आणि कधी ते असतेही. आयुष्य पुरे झाले अशी जाणीव सगळ्याच परंपरांनी आदराने पाहिली. जैनांच्या सल्लेखनेचा नियम या बाबतीत फार नेमका आहे. समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त उपसर्ग (म्हणजे ओढवलेले संकट), दुष्काळ, वार्धक्य आणि रोग ही सल्लेखनेची निमित्ते सांगितली आहेत, पण त्यांना एक विशेषण जोडले आहे: निष्प्रतिकार. ज्यावर उपायच उरला नाही असे. उपाय असताना देह सोडणे त्या व्रतात बसत नाही. मग जो उपाय अकोल्याला आहे, पण तिथवर जायला पैसे नाहीत, तो उपाय 'आहे' म्हणायचा की 'नाही'? जगात आहे आणि या घरापुरता नाही. व्रत सांगणाऱ्या आचार्यांपुढे दुष्काळ होता. दर ठरलेली शस्त्रक्रिया त्यांच्यापुढे नव्हती.

म्हाताऱ्यांच्या त्या नकाराची परीक्षा एकाच रीतीने होते: पैशाची अट काढून पाहायची. मोतीबिंदूच्या बाबतीत ती काढली गेली आहे. मोफत शस्त्रक्रियेच्या शिबिराची गाडी सकाळी गावात येते. 'आता काय पाहायचे राह्यले' असे चार वर्षे म्हणत असलेली म्हातारी तिच्या आधीच पारावर येऊन बसलेली असते, पिशवीत लुगडे, भाकरी आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली शिधापत्रिका घेऊन.